ग्राहक क्रमांक एक

सोमवार, ४ जानेवारी

आजपासून मी ‘दर विभाग’ आहे. विभागात मी एकटीच, त्यामुळे विभागप्रमुखही मी आणि विभागासाठी चहा आणणारीही मीच. खोली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या पोटात आहे. ताठ उभं राहिलं की डोकं छताला लागतं. पण एक मोठी काच आहे आणि तिच्यातून दुकानाचा सगळा तळमजला दिसतो: इस्त्र्या, किटल्या, दिवे, चार गल्ले आणि पार कोपऱ्यात माल परत घेण्याची खिडकी. काचेच्या फटीतून जवळचं, इस्त्र्या-किटल्यांपाशी बोललेलं ऐकूही येतं. अकरा वर्षं मी तिथे खाली चादरींपाशी उभी होते. आता वरून बघणार.

साहेबांनी तीन जाडजूड पुस्तकं हातात ठेवली आणि म्हणाले, “लोक किंमत वाचत नाहीत, किंमत लोकांना वाचते.” याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण मी मान अशी डोलावली, की त्यांना वाटावं हे माझ्या आधीपासून मनात होतं. गिऱ्हाइकांवर नजर ठेवून रोज टिपणं काढायची, असा हुकूम आहे. अहवालात घालण्यासारखं अहवालात जाईल, बाकीचं या वहीत.

पहिली कामगिरी: इस्त्रीची किंमत बाराशेवरून अकराशे नव्व्याण्णव केली. बाराशेतून एक वजा करायला मला अकरा वर्षांचा अनुभव कामी आला.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. त्यांची पावलं वाजली की दुकानदारांचे काटे आपोआप सरळ व्हायचे, असं आई सांगायची. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, “म्हणजे बाराशेच ना?”

“बाबा, डोळा डावीकडून वाचतो. त्याला आधी अकरा दिसतात.”

“माझा डोळा उजवीकडेही जातो,” ते म्हणाले आणि पान उलटलं.

गुरुवार, ७ जानेवारी

गेल्या आठवडाभरात सहा इस्त्र्या गेल्या होत्या. या चार दिवसांत चौदा. मी स्वतःवर इतकी खूश आहे की साहेबांनी आरशाची किंमत वाढवली तरी चालेल, आज मी आरसा घेईन.

दुसरा प्रयोग किटल्यांचा. एक साधी होती, एक बरी होती, आणि सगळे साधीच उचलायचे. मी शेजारी तिसरी आणून ठेवली: दुप्पट किमतीची, पाणी तापताना निळी-जांभळी होणारी. ती कोणी घ्यायची नाहीच आहे, नुसती तिथे उभी राहायची आहे. दुपारी एक जोडपं आलं. बाई म्हणाल्या, “ही नको, आपण काय राजेरजवाडे आहोत का?” मग साधीकडे बघून म्हणाल्या, “पण अगदीच ही तरी कशाला?” आणि मधली उचलली! मी वरच्या खोलीत टाळी वाजवून उभी राहिले. टेंगूळ आलंय.

घरी येताना बूट घेतले. तीन जोड मांडलेले होते. मी मधला घेतला. वर पाटी होती ‘शेवटचा जोड’. अर्धा आकडा लहान आहे. सगळं कळत होतं, तरी घेतले. डोकं दर विभागात असलं म्हणून पाय तिथे नसतात.

शनिवार, १६ जानेवारी

बाबा आज दुकानात आले. आई गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून वाचनालय आणि दातांचा डॉक्टर सोडला तर ते कुठे जात नाहीत. (माझं लग्न मोडून मी परत घरी आले त्याला सात. आम्ही दोघं एकमेकांची सोबत करतो, म्हणजे एकाच टेबलावर वेगवेगळी पानं वाचतो.) म्हटलं, लेकीचं कर्तृत्व बघायला आले असतील. ते इस्त्र्यांपाशी गेले आणि एका नवपरिणीत जोडप्याला खणखणीत आवाजात म्हणाले, “हे बाराशेच आहेत बरं का!” जोडप्याने इस्त्री खाली ठेवली. मी काचेखाली बसले.

तेवढ्यावर थांबले नाहीत. स्वयंपाकघरात ठेवायचा एक वजनकाटा घेऊन आले. हौस म्हणून नाही, तपासायला. नोकरीतली पितळी वजनं मखमलीच्या पेटीत अजून जपून ठेवली आहेत, ती काढली. काटा चार ग्रॅम कमी दाखवतो म्हणाले. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं आनंदी बघितलं नव्हतं.

बुधवार, २० जानेवारी

काटा परत करून आले. जेवताना तेच पुराण. “त्या खिडकीवरच्या बाई आहेत ना, त्यांनी नुसतं लिहून घेतलं नाही. स्वतः किलोचं पाकीट ठेवून बघितलं. मला म्हणाल्या, चार नाही हो, पाच. आणि पाचच होते! मी चष्मा लावला नव्हता.”

“अच्छा,” मी म्हटलं. माझ्या डोक्यात दिव्यांच्या किमती चालू होत्या.

“चौतीस वर्षांत माझी चूक कोणी काढली नव्हती.”

त्या बाईंना आम्ही सगळे परतीबाई म्हणतो. साठीला आलेल्या, कापलेले केस, चष्मा दोरीला बांधलेला. त्या समोरच्याला “कारण?” असं काही विचारतात, की निम्मे लोक माल घेऊन तसेच घरी जातात. अकरा वर्षांत माझं त्यांच्याशी बोलणं झालं ते “सुट्टे आहेत का” एवढंच.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

आजचा दिवस मोठ्या अक्षरात लिहायला हवा. बाबांनी टेबलावरचा दिवा घेतला! तपासायला नाही, घ्यायला!! मी काचेतून बघितलं. ते दिव्याच्या पाटीसमोर बराच वेळ उभे होते, मधूनमधून कोपऱ्याकडे बघत होते (गर्दीचा अंदाज घेत असावेत), आणि मग एकदम दिवा उचलून गल्ल्यावर गेले.

संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, “आठशेला घेतलात ना?”

“सातशे नव्व्याण्णव,” बाबा म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. जो माणूस बाराशेला बाराशे म्हणायचा, तो पडला! अहवालात त्यांना नाव दिलं आहे: ‘ग्राहक क्रमांक एक. पुरुष, वय एकाहत्तर, अतिशय चिवट.’ खाली लिहिलं, ‘चिवटपणा तीन आठवड्यांत पूर्ण नाहीसा.’

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

दिवा मंगळवारी परत गेला. “उजेड फार पांढरा आहे.” त्याच दिवशी भिंतीवरचं घड्याळ आलं, माझी ‘फक्त तीन शिल्लक’ ही पाटी वाचून. घड्याळ आज परत गेलं. “टिकटिक फार करतं.” आज न्हाणीघरातलं पायपुसणं आणि अंडी उकडायचं छोटं घड्याळ आलं. पायपुसण्याचा रंग मला आवडला होता, पण बाबांच्या चेहऱ्यावरून ते फार दिवस राहील असं वाटत नाही.

पुस्तकात याला ‘खरेदीनंतरचा पस्तावा’ म्हणतात. आठव्या प्रकरणात आहे. पण बाबा पस्तावलेले दिसत नाहीत, हेच मजेचं. शर्टाला इस्त्री करून जातात. महिन्याच्या मधेच केस कापून आले. काल बाहेर पडताना अत्तराचा वास आला, ती बाटली मी कपाटाच्या तळाशी बघितली होती. मी अहवालात नोंद केली: ‘दुकानातील प्रकाशयोजनेमुळे ग्राहकाची स्वतःविषयीची प्रतिमा उंचावते.’ साहेबांनी समासात ‘वा!’ लिहिलं.

रविवार, २१ फेब्रुवारी

दादाचा फोन. तो परदेशात असतो आणि रविवारी काळजी करतो. म्हणाला, “बाबा आज फोनवर गुणगुणत होते. बरे आहेत ना?”

मी त्याला समजावलं की सवलतीत वस्तू मिळाली की मेंदूला आनंद होतो, आणि हे सगळं मी घडवून आणलं आहे. त्याने विचारलं, “तू कधी दुकानात जाऊन बघितलंस का, ते काय करतात?”

“मी रोज बघते. माझ्या खोलीला काच आहे.”

सोमवार, १ मार्च

आज साहेबांपुढे अहवाल ठेवला. विक्री चढली आहे, त्यात वादच नाही. खटकणारी एकच गोष्ट: फेब्रुवारीत परत आलेला माल दुपटीच्या जवळ गेला. एकसष्ट वस्तू. त्यातल्या चौदा एकट्या बाबांच्या, पण ‘माझ्या बाबांच्या’ असं अहवालात कसं लिहिणार? मी लिहिलं, ‘विशिष्ट ग्राहकवर्गात परतीचे प्रमाण चिंताजनक.’ आणि उपाय सुचवला: शेवटी नऊ असलेली कोणतीही वस्तू परत घेऊ नये. आता आमच्याकडे शेवटी नऊ नसलेली वस्तू म्हणजे भिंती. तेव्हा परतीची खिडकीच बंद करावी, जागेत मेणबत्त्या मांडाव्यात.

साहेब वाचता वाचता उभे राहिले. “हे मला का नाही सुचलं?”

मी विचारलं, “खिडकीवरच्या बाईंचं काय?”

“गावाबाहेरच्या गोदामात जागा आहे. नाही जमलं तर त्यांची मर्जी.”

मला जरा कसंतरी झालं. पण तेवढ्यात त्यांनी सगळ्यांसाठी केक मागवला.

मंगळवार, २ मार्च

जेवताना बाबांना सांगितलं. चांगली बातमी सांगतात तशी सांगितली, म्हणजे आधी पाणी पिऊन.

“महिनाअखेरीला परतीची खिडकी बंद होतेय.”

बाबांचा हात थांबला. “का?”

“लोक उगाच आणून देतात हो वस्तू. काही कारण नसतं.”

“कोणी ठरवलं?”

“मीच!” मी म्हटलं. “साहेब उभे राहिले वाचून.”

बाबांनी ताट पुढे सरकवलं. “मला भूक नाही,” म्हणाले आणि खोलीत गेले. अर्धं जेवण तसंच राहिलं. ज्या माणसाने आम्हाला लहानपणी पानात शीत टाकू दिलं नाही, त्याचं!

सहावं प्रकरण परत वाचलं. हातात असलेली सोय काढून घेतली की माणसाला मिळाल्याच्या आनंदापेक्षा दुप्पट दुःख होतं. म्हणजे बाबांची प्रतिक्रिया अगदी पुस्तकी आहे. दोन दिवसांत सावरतील.

रविवार, १४ मार्च

सावरले नाहीत. दुकानात येणं बंद. दाढी वाढली आहे. दारापाशी एक फुलदाणी वेष्टणासकट पडून आहे, तिला हातही लावलेला नाही. वर्तमानपत्र धरून बसतात, पण पान उलटत नाहीत, हे मी वीस मिनिटं बघितलं.

काल डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब ठीक, छाती ठीक. डॉक्टरांनी विचारलं, “बाहेर कुठे जाता-येता की नाही?”

“जात होतो,” बाबा म्हणाले.

मी मधे पडून खुलासा केला, की आमच्या दुकानाचा नियम बदलत असल्यामुळे यांना आता वस्तू परत करता येणार नाहीत, त्याचा परिणाम झालेला आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग म्हणाले, “तुम्हाला झोप लागते ना नीट?”

सोमवार, २२ मार्च

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

परतीबाई आज गोदाम बघायला गेल्या होत्या. खिडकी शुक्रवारपर्यंत चालू ठेवायची, म्हणून मला तिथे बसवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले. खुर्चीला बारीक घडी घातलेली शाल, टेबलावर टोक केलेल्या चार पेन्सिली आणि परतीची वही. तारीख, वेळ, वस्तू, कारण. अक्षर सुंदर. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून चाळायला लागले. आमच्या घरून गेलेल्या वस्तूंच्या नोंदी अशा:

वजनकाटा. कारण: पाच ग्रॅम कमी दाखवतो.
दिवा. कारण: उजेड पांढरा.
घड्याळ. कारण: टिकटिक.
पायपुसणं. कारण: पायाला गुदगुल्या होतात, असे म्हणाले.
अंडी उकडायचं घड्याळ. कारण: फार वेळ लावतं.
चहाची गाळणी. कारण: आधी नाही म्हणाले, मग भोकं मोठी आहेत म्हणाले.
उशी. कारण: सांगितले नाही. आज हवा छान आहे, म्हणाले.
चमच्यांचा संच. कारण: विचारले नाही.

त्यानंतर बाबांच्या सात वस्तू आणखी होत्या. प्रत्येकीपुढे नुसती छोटी आडवी रेघ, आणि प्रत्येकीची वेळ दुपारची सव्वातीन. सव्वातीनला खिडकीवर कोणी नसतं, हे दुकानातल्या प्रत्येकाला माहीत आहे. गर्दीच्या वेळांचा तक्ता मीच केलेला आहे. भिंतीवर लावलाय.

एक बाई चादर परत करायला आल्या होत्या. त्यांना मी दोनदा “काय म्हणालात?” विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या, “राहू दे, मी नंतर येते.”

दीड महिना मी वरच्या काचेतून माझ्या बापाकडे बघत होते आणि मला दिवा दिसत होता.

मंगळवार, २३ मार्च

सकाळी दुकान उघडायच्या आधी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. परतीबाई पेन्सिलीला टोक करत होत्या. सवयीने म्हणाल्या, “कारण?”

“कारण नाही,” मी म्हटलं.

“असं म्हणणारे सगळे एकाच घरातले दिसतात.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“तुम्हाला माहीत होतं, ते माझे वडील आहेत?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी. वर माझी लेक बसते, हे सगळे नऊ तिचे. मला पटत नाहीत, म्हणाले, पण पोरगी हुशार आहे.”

मी खिडकीच्या कडेला धरलं. “आणि ते उगाच आणतात परत, हेही कळत होतं?”

“अंड्याचं घड्याळ फार वेळ लावतं म्हणून परत आणलं हो त्यांनी!” बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “नियमात कारण लिहायचं असतं. खरंच असलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलू? ते बोलतील म्हणून वाट बघत होते. एकदा जवळजवळ बोलले. तेवढ्यात तुमच्या इस्त्र्या परत करायला दोन बायका येऊन उभ्या राहिल्या.”

“गोदामात जाणार का?”

“तासभर बसने जायला माझे गुडघे तयार नाहीत. शुक्रवारी शेवटचा दिवस.”

“माझ्यामुळे,” मी म्हटलं. मला वाटलं त्या ‘छे छे’ म्हणतील. माणसं म्हणतात.

“हो,” त्या म्हणाल्या. “तुमच्यामुळे.” आणि पुढची पेन्सिल घेतली.

बुधवार, २४ मार्च

साहेबांपुढे तीन पर्याय ठेवले. रात्रंदिवस पुस्तकं वाचल्याचा काहीतरी उपयोग व्हायला हवा. पहिला: खिडकी बंद. दुसरा: खिडकी फक्त दुपारी दोन ते पाच उघडी, आत्ताच्याच बाईंकडे. तिसरा: गालिचा, सोफे आणि दोन नव्या नेमणुकांसह भव्य ‘ग्राहक स्नेह कक्ष’. तिसऱ्याचा खर्च मी असा फुगवला की त्यातली शून्यं मलाच दोनदा मोजावी लागली.

साहेबांनी कागद शांतपणे वाचला. “महागाचा नुसता उभा करायला, मधला घ्यावा म्हणून. छान मांडलंयस.” मग चष्मा काढला. “पण पुस्तकं मीच दिली होती ना तुला? मी पहिला घेतो.”

मी म्हटलं, “साहेब, खरं सांगते. त्या परतीतल्या चौदा वस्तू माझ्या वडिलांच्या आहेत. माल वाईट नव्हता. ते खिडकीवरच्या बाईंना भेटायला यायचे.”

साहेब इतके हसले की डोळे पुसायला लागले. “म्हणजे वडिलांनाही सोडलं नाहीस! याला म्हणतात झोकून देऊन काम करणं.”

मी साहेबांच्या खोलीतून बाहेर आले. निदान डोकं तरी आपटू नये म्हणून वाकून आले. तिथलं छत उंच आहे, हे चार पावलांनी लक्षात आलं.

गुरुवार, २५ मार्च

संध्याकाळी लवकर घरी आले. बाबा गॅलरीत बसले होते. मी शेजारची खुर्ची ओढली. इथे पुस्तकातलं काहीच कामाचं नव्हतं, तेव्हा सरळ सांगून टाकलं.

“बाबा, मी परतीची वही बघितली.”

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

“मला खरंच माहीत नव्हतं.”

“मी सांगितलं नव्हतं.”

“का नाही सांगितलंत?”

“तू रोज विचारायचीस, कितीला घेतलं. ते मी सांगायचो.” मग म्हणाले, “आणि सांगणार तरी काय होतो? एकाहत्तराव्या वर्षी बाप आंघोळ करून पायपुसणं परत करायला जातो, असं?”

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच रडू झालं. माझं नेहमी असंच होतं, दोन्ही धड होत नाहीत. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नव्या टेंगळावर ठेवला, पण मी काही बोलले नाही.

“मी साहेबांशी बोलले. ऐकत नाहीत. उद्या खिडकीवरच्या बाईंचा शेवटचा दिवस आहे.”

बाबांनी मान हलवली. मग विचारलं, “तुझ्या आईला काय वाटलं असतं गं?”

आईला वाटलं असतं की मी गाढव आहे, एवढं मला नक्की माहीत होतं. मी तेच सांगितलं. बाबा म्हणाले, “ते तर तिला आधीपासूनच वाटायचं,” आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले.

शुक्रवार, २६ मार्च

सव्वातीनला मी काचेपाशी उभी होते. आज टिपणवही घेतली नव्हती.

बाबा आले. दाढी केलेली, पांढरा शर्ट. हातात पिशवी नाही, काही नाही. रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. आधी खिशात घातले, मग मागे बांधले. नेमकी आज खिडकीवर रांग होती. शेवटचा दिवस म्हणून लोकांनी घरातलं होतं नव्हतं ते आणलं होतं. सात माणसं. बाबा आठवे. पुढच्या गृहस्थाने वळून त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. बाबा छताकडे बघायला लागले.

वीस मिनिटं उभे होते. त्यांचे गुडघेही काही फार चांगले नाहीत. एकदा ते रांगेतून बाहेर पडून दाराकडे चार पावलं गेले, तेव्हा मी काचेवर हात आपटला. एवढ्या लांब काही ऐकू जात नाही. पण ते थांबले, आणि रांगेत परत आले. तोपर्यंत त्यांच्या जागी तवा घेतलेल्या एक बाई आल्या होत्या, म्हणून ते नववे झाले.

नंबर आला. परतीबाईंनी वर बघितलं. ओठ हलले, “कारण?” म्हणाल्या असणार. बाबा बोलले. लांबलचक बोलले. त्यांना इतकं सलग बोलताना मी कधी बघितलं नाही. मागच्या माणसाने घड्याळ बघितलं. परतीबाईंनी वही मिटली, दोन्ही हात वहीवर ठेवले आणि ऐकत राहिल्या. मग त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती खिडकीतून पुढे सरकवली.

बाबांनी चिठ्ठी वरच्या खिशात ठेवली. बाहेर पडताना त्यांनी मान वर करून थेट माझ्या काचेकडे बघितलं. मी हात हलवला. काच बाहेरून काळी दिसते, त्यांना मी दिसले नसणार. तरी त्यांनी हात हलवला.

मंगळवार, १३ एप्रिल

मार्चचे आकडे आले. परत आलेला माल निम्म्यावर. साहेबांनी सगळ्या मजल्यांच्या लोकांना गोळा करून माझं कौतुक केलं आणि मला चार शब्द बोलायला लावलं. मी म्हटलं, “परती कमी झाल्या कारण एक गृहस्थ यायचे थांबले.” सगळे हसले. टाळ्या पडल्या. आता माझा विनोदी स्वभावही साहेबांना आवडायला लागला आहे.

मी राजीनामा लिहिला. पहिल्या मसुद्यात एकशे एक शब्द भरले, ते मी नव्व्याण्णव केले. मग स्वतःकडे बघून इतकं हसू आलं की कागद खणात टाकला. खरं सांगायचं तर दुसरी नोकरी मिळायची खात्री नाही आणि काम मला येतं. एवढी मी शूर नाही. फक्त ‘फक्त तीन शिल्लक’ ही पाटी खरंच तीन शिल्लक असतील तेव्हाच लावायची, असं ठरवलं आहे. काल गोदामात घड्याळं मोजायला गेले तर अठ्ठावीस निघाली. पाटी काढली.

बाबा मंगळवारी आणि शनिवारी बाहेर जातात. कुठे, ते मी विचारत नाही. परत येतात तेव्हा शर्टाला चुण्या असतात, बसून बोलल्याच्या. शनिवारी आमच्या गॅलरीखालून चालत गेले दोघं. बाई काहीतरी सांगत होत्या, बाबा ऐकायला वाकले होते.

रविवार, २५ एप्रिल

सकाळी दादाचा फोन झाला. बाबांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण त्याने मला नंतर फोन करून एवढंच म्हटलं, “तुझी काच पुसून घे.”

चहा पिताना बाबा म्हणाले, “एक विचारू? त्या इथे राहायला आल्या तर तुला चालेल?”

मला पहिल्यांदा आमची तिसरी खोली डोळ्यांसमोर आली, जिथे माझ्या मोडलेल्या संसाराची खोकी अजून तशीच रचून ठेवलेली आहेत. मग वाटलं, आता मी कुठे जाऊ? एकोणचाळीस वर्षांची बाई, आणि अगदी लहान मुलीसारखी भीती. हे सगळं मी सेकंदभरात गिळलं आणि “चालेल की,” म्हटलं.

“नीट विचार करून सांग.”

मी दुपारभर खोकी उघडली. निम्म्या वस्तू मला ओळखता आल्या नाहीत. बाकीच्या निम्म्या नको वाटल्या. चार वाजता सांगितलं, “केला विचार. या म्हणावं त्यांना.” या वेळी आवाज माझाच वाटला.

बाबा पाच वाजता गेले. साडेसातला आले. मी दार उघडलं, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, पाणी प्यायले.

“काय म्हणाल्या?”

“नाही म्हणाली. म्हणते, माझं घर आहे, मला ते आवडतं, खिडकीतून सकाळचं ऊन येतं. या वयात मी कोणाकडे राहायला जाणार नाही.”

माझा चेहरा पडला. “म्हणजे नकारच दिला की हो.”

“नकार कुठे?” बाबा म्हणाले. “तिथून उठताना म्हणाली, गुरुवारी लवकर या.”